मुलांपासून आईबापांनी काय शिकावे?

मुलांनी वडीलधाऱ्यांपासून काय शिकावे, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे तेच सांगतात आणि घरी आजोबाही तेच सांगतात. परंतु आईबापांनी आपल्या लहान मुलांपासून काय शिकावे, असा प्रश्न कोणी विचारला की लोक हसतात. ज्याला स्वतःच्या चपलेचा डावा-उजवा पाय कळत नाही तो आम्हांला काय शिकविणार, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला. बेळगावात मराठी शाळेतील मुलांच्या सहवासात वीस वर्षे काढल्यावर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, अशी आमची खात्री झाली आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मूल म्हणजे देवदूत नव्हे. ते हट्ट करते, दुसऱ्याच्या हातचे खेळणे ओढते, भावंडाला चिमटाही काढते. ते आपल्याला समोर बसवून धडा देत नाही. धडा त्याच्या वागण्यात असतो आणि तो वाचण्याचे काम आपले असते. मूल कसे वागते हे नीट पाहणे, ही या शिक्षणाची पहिली पायरी होय.

असे पाहणारे थोर लोक होऊन गेले आहेत. चार्ल्स डार्विन यांच्या थोरल्या मुलाचा जन्म १८३९ साली झाला. त्या तान्ह्या मुलाला राग केव्हा आला, तो कशाला भ्याला, पहिल्याने केव्हा हसला, याची टिपणे डार्विनने बापाच्या मायेने आणि शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने ठेवली. ती त्याने १८७७ साली प्रसिद्ध केली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. मुलांना हाताने करावयाची कामे दिली आणि त्यांत वारंवार ढवळाढवळ केली नाही, तर लहान मुलेही किती एकाग्र होतात, हे त्यांना तेथे दिसले. त्यांची पुढील पद्धत या पाहण्यातून उभी राहिली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर सुरू केले, आणि ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या.

ताराबाईंचे पुढील कार्य आपल्याला अधिक जवळचे आहे. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नसत. त्यांना आळशी ठरविणे सोपे होते. परंतु या दोघींनी मुले दिवसभर कोठे असतात ते पाहिले. काही मुले पाड्यावर धाकटी भावंडे सांभाळीत, तर काही कुरणात गुरे राखीत. मग शाळाच पाड्याच्या अंगणात गेली आणि कुरणातही गेली. अंगणवाडी व कुरणशाळा या कल्पना अशा जन्मास आल्या. मूल आपल्या मनाप्रमाणे वागत नसेल, तर प्रथम त्याच्या जागी जाऊन पाहावे, हा धडा त्यांनी मुलांपासून घेतला आणि देशाला दिला.

आता घरातील गोष्टीकडे वळू. मूल चालावयास शिकते तेव्हा काय घडते? अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांचे निरीक्षण करून २०१२ साली आकडे प्रसिद्ध केले. मोकळेपणी खेळताना ही मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. आपल्यापैकी कोणी एखाद्या कामात तासाभरात सतरा वेळा आपटले, तर ते काम त्याने त्याच दिवशी सोडून दिले असते. मूल सोडीत नाही. पडण्याची लाज ही मोठेपणी शिकलेली गोष्ट आहे, ती जन्मजात नव्हे.

यात आईबापांसाठी आणखी एक गोष्ट आहे. मूल चालताना पडले की सारे घर टाळ्या वाजविते, ‘ऊठ, ऊठ’ म्हणते. तेच मूल आठ वर्षांनी भागाकारात पडते, तेव्हा त्याच घरात कपाळाला आठ्या पडतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर काही घरांत सुतक असल्यासारखी शांतता असते. निकालाला घाबरून घरी जावयास न धजणारी मुले आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसलेली पाहिली आहेत. मूल बदलले नाही. पडण्याकडे पाहण्याची आपली नजर तेवढी बदलली. पहिल्या पावलाच्या वेळची नजर पुन्हा आणता येईल काय, याचा प्रत्येक घराने विचार करावा.

दुसरी गोष्ट मुलांच्या चुकांविषयी. दोन सारख्या पेल्यांत सारखे ताक घ्यावे आणि मुलाच्या देखत एका पेल्यातील ताक उंच, अरुंद पेल्यात ओतावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, ‘उंच पेल्यात जास्त आहे.’ सात वर्षांच्या आसपास मूल म्हणू लागते, ‘सारखेच आहे, तुम्ही फक्त ओतले.’ स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी असे पुष्कळ प्रयोग केले, आणि तान्ह्या मुलांविषयीचे त्यांचे निरीक्षण स्वतःच्या तीन मुलांवरच होते. मुलाचे उत्तर चुकीचे आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. ‘असे का वाटते?’ हे त्यांनी विचारले, तेव्हा त्या उत्तरामागे एक सुसंगत विचार आहे असे आढळले. मूल उंचीकडे पाहत होते, रुंदीकडे त्याचे लक्ष नव्हते. मोठ्यांच्या भांडणांतही पुष्कळदा हेच होते. एक जण उंची पाहतो, दुसरा रुंदी पाहतो, आणि दोघेही दुसऱ्याला मूर्ख म्हणतात. चूक म्हणण्यापूर्वी कारण विचारण्याची सवय लागली, तर नवराबायको, भाऊभाऊ आणि ट्रस्टच्या सभेतील सभासद या सर्वांचाच फायदा आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. ती आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाची आहे. कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांचे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो कळला. याचा अर्थ असा की, मूल जगातील सर्व भाषांना कान उघडे ठेवून जन्मास येते आणि पुढे घरात जे ऐकू येते त्याला तो कान सरावतो.

आमच्या बोळात याचा पडताळा रोज येतो. पाच वर्षांची मुलगी शेजारच्या काकूंशी मराठी बोलते, दूधवाल्याशी कन्नड बोलते आणि घरात दादीशी दखनी बोलते. तिन्ही भाषांत ती चुका करते, आणि त्यांतील एकाही चुकीचे तिला दुःख नसते. आम्ही मोठी माणसे मात्र तीस-तीस वर्षे या गावात राहून ‘आम्हांला ती भाषा येत नाही’ असे अभिमानाने सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागाने भाषेवरून जे सोसले ते येथे सांगावयास नको. आपल्या मराठीचा हक्क सांगावा आणि ती मुलांना उत्तम शिकवावी. शिक्षक म्हणून आमचे तेच काम आहे. परंतु स्वतःच्या भाषेवरील प्रेमासाठी शेजाऱ्याची भाषा न येणे आवश्यक नाही, हे त्या पाच वर्षांच्या मुलीला कळते. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा घरोघर पोचविण्याचे काम आमच्या बोळात मुलांकडेच असते. ताट रिकामे परत येत नाही, आणि ताटाबरोबर दोन नवे शब्दही घरात येतात.

चौथी गोष्ट जरा बोचणारी आहे. मुले सांगितलेले थोडे आणि पाहिलेले फार शिकतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ७२ लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीस मारझोड करताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी पुढे तशीच मारझोड केली, आणि त्याच्या तोंडचे शब्दही उचलले. या गोष्टीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. मुले शाळा-शाळा खेळत असली की खेळातील मास्तर प्रथम काय उचलतो ते पाहावे; बहुधा पट्टी उचलतो. घर-घर खेळताना खेळातील अब्बा किंवा बाबा काय करतो तेही पाहावे. साबणाची रिकामी खोकी कानाला लावून तो पाठ फिरवून उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. घरातील वागण्यावर देखरेख ठेवणारा निरीक्षक मात्र कोठूनही येत नाही. तेथील अहवाल मुलांच्या खेळात लिहिलेला असतो, आणि तो वाचण्याचे धैर्य आईबापांनी दाखवावयास हवे.

साबणाच्या खोक्यावरून पाचवी गोष्ट निघते, ती लक्ष देण्याची. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आया व त्यांची तान्ही मुले यांना घेऊन एक प्रयोग केला. आई प्रथम बाळाशी हसतखेळत बोले. नंतर ती दोनतीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवी. ती समोरच बसलेली असे, फक्त प्रतिसाद देत नसे. बाळ आधी हसून पाही, हात पुढे करी, आवाज काढी. काही उपाय चालेना की तोंड फिरवी किंवा रडू लागे. आज मोबाइल फोनकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा पुष्कळसा असाच असतो. देह घरात, लक्ष दुसरीकडे. मुलांच्या हाती फोन देऊ नये असे आपण सर्वच म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना असा पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक दाखवू नये. परंतु मूल आपली हनुवटी धरून आपले तोंड स्वतःकडे वळविते, तेव्हा ते आपल्यालाही तोच नियम सांगत असते. समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष देणे ही त्याला करावयाची पहिली मदत होय. म्हाताऱ्या आईवडिलांना आपल्याकडून बहुधा हीच मदत हवी असते.

शेवटची गोष्ट सेवेची. जर्मनीतील लाइपझिग शहरात वार्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एक साधा प्रसंग घडविला. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडते आणि त्याला ती उचलता येत नाही. कोणी न सांगता बहुतेक मुलांनी मदत केली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतरचा त्यांचा प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. मदत केल्याबद्दल ज्या मुलांना वस्तूच्या रूपाने बक्षीस दिले, ती पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. ज्यांना बक्षीस दिले नव्हते त्यांची मदत चालूच राहिली.

पोळ्या लाटताना मूल लाटणे मागते, अंगण झाडताना झाडू मागते. त्याने काम वाढते हे खरे. तरीही ‘तू बाजूला हो’ असे रोज ऐकल्यावर तेच मूल पंधराव्या वर्षी बाजूला उभे राहते, आणि मग आपण म्हणतो की आजकालच्या मुलांना कामाची आवड नाही. धर्मादाय ट्रस्टच्या सभासदांनी हा धडा अधिकच मनावर घ्यावा. देणगीदारांची नावे फलकावर लिहिणे योग्यच आहे. कृतज्ञता हे कर्तव्य आहे. परंतु ज्या हातांचे नाव कोठेही लागत नाही, त्यांच्यावर संस्था चालते. पडलेली वस्तू उचलून देणाऱ्या मुलाची वृत्ती सभासदांत जितकी टिकेल, तितके आपले कार्य टिकेल.

हे सर्व शिकण्यासाठी खर्च काहीच नाही. घरात एक वही ठेवावी आणि मुलाने आठवड्यात केलेली, बोललेली एखादी गोष्ट तीत तारखेसह लिहावी. दिवसातून पंधरा मिनिटे फोन दूर ठेवून मुलाच्या खेळात, ते सांगेल त्या भूमिकेत, सामील व्हावे. मुलाने चूक केली तर शिक्षेच्या आधी ‘असे का केलेस?’ एवढे शांतपणे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर ‘आपण मिळून शोधू’ असे म्हणावे; त्याने आईबापांचा मान कमी होत नाही.

लहानाच्या तोंडून आलेला चांगला बोलही घ्यावा, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. ट्रस्टच्या पुढील महोत्सवाच्या वेळी आजची बालके सभासदांच्या जागी बसलेली असतील. ती आपल्याकडून जे घेऊन जातील त्याचा बराचसा भाग आपण त्यांच्याकडे आज कसे पाहतो यावर अवलंबून आहे. या वर्षी प्रत्येक घरात अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच आमची या प्रसंगी विनंती आहे.