हिरव्या ठिपक्याची नोकरी

सकाळी ७. साकोलीच्या रस्त्यावरून रोवणीच्या बाया ट्रॅक्टरमध्ये बसून निघाल्यात. मी डॉक्टर, घरूनच एका ऑनलाइन सल्ल्याच्या ॲपवर लॉगिन करते. नावापुढे हिरवा ठिपका लागला की खुर्ची सोडता येत नाही. पैसे मात्र कॉल आला तरच.

८. पहिला पेशंट हिंजवडीचा, सर्दी. दुसरा ठाण्याचा, बीपीच्या गोळ्या संपलेल्या. आमच्या गावचं कोणी या ॲपवर दिसत नाही. ते सरळ दारात येतात, ‘म्याडम, जरा प्रेशर पाहून द्या’ म्हणतात. ते फुकट, आणि खरं सांगायचं तर तेच आवडीचं.

१०.३०. पाऊस. गजकर्णाचा पेशंट बोलत असताना व्हिडिओ अडकला, नुसता आवाज राहिला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे क्लोट्रिमॅझोलचं मलम पहिल्याच सल्ल्यात लिहायला व्हिडिओ लागतो. तसं सांगितलं. त्याने एक तारा दिला. नेट माझं, इन्व्हर्टर माझा, लॅपटॉप माझा, आणि नियम मोडला तर जाणारा नोंदणी क्रमांकही माझाच.

१. वरणभात, लॅपटॉपसमोर.

३. नाशिकच्या बाई. छातीत जड वाटतंय, डावा हात दुखतोय, पण मुलगा संध्याकाळी येईल तेव्हा बघू म्हणतात. शेजारणीला बोलवायला लावलं, तिला समजावलं, रिक्षात बसेपर्यंत लाइनवर राहिले. वीस-पंचवीस मिनिटं गेली. प्रिस्क्रिप्शन नाही म्हणून कॉल ‘अपूर्ण’, मोबदला शून्य. तेवढ्या वेळात सर्दीचे चार कॉल झाले असते. असा हिशेब डोक्यात येतो, याचाच राग येतो.

६. जाऊबाई उपकेंद्रातून आल्या. त्या समुदाय आरोग्य अधिकारी, ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर पेशंटला डॉक्टरांशी जोडून देतात. पंचवीस हजार ठरलेले, वर कामाप्रमाणे पंधरा हजारांपर्यंत. कंत्राटीच. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे (एनएचएम) कंत्राटी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा मागणी कुणाकडे करायची हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या करारात मी ‘स्वतंत्र व्यावसायिक’: १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नाही, बाळंतपणाची रजा नाही. तक्रार करायची तर एक चॅटबॉट आहे.

रात्री १०. पुढच्या आठवड्याचे स्लॉट उघडले. जास्त तारेवाल्यांना आधी निवडता येतात. मला उरले रविवारी रात्री ११ ते २. घेतले.