हजची बॅग भरताना : मीनाच्या तंबूत बाटल्या गळू नयेत म्हणून

जालना, अंबड, परतूर, भोकरदन... हजची तारीख जवळ आली की घराघरात बॅगा भरायला लागतात. कपडे, औषधं, चटणी, लोणचं सगळं आठवणीने ठेवलं जातं. पण शॅम्पू, तेल, हात धुण्याचं लिक्विड या बाटल्या मात्र शेवटच्या क्षणी कुठेतरी कोंबल्या जातात, आणि नेमक्या त्याच गळतात.

घरी बाटली सांडली तर फडकं मारून काम भागतं. मीनात तसं नाही. ८ जिलहिज्जाला हाजी मीनात पोहोचतात. मोठी बॅग मक्केतल्या इमारतीतच राहते, सोबत फक्त लहान बॅग. मीनाचा तंबू, अरफातचं मैदान, मुजदलिफातली उघड्यावरची रात्र आणि पुन्हा मीना, असे पाच-सहा दिवस त्याच बॅगेवर काढायचे असतात. त्यात सुगंधी शॅम्पू एहरामच्या जादा चादरीवर सांडला तर पंचाईतच. एहरामच्या हालतीत खुशबू वापरणं मना आहे, चादर धुवायची तर नळावर रांग, आणि वाळत घालायला जागा नाही.

बाटली गळते कशामुळे?

बऱ्याचदा झाकण नीट लावलेलं असतं, तरी बाटली गळते. याचं कारण बाटलीतली हवा. विमान उंचावर असताना आतला दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश एवढाच ठेवलेला असतो. दाब कमी झाला की बाटलीत कोंडलेली हवा फुगते, जवळपास चौथा ते तिसरा हिस्सा जास्त जागा मागते आणि समोर येईल ते लिक्विड झाकणातून बाहेर ढकलते. उन्हातही हेच होतं. बसच्या टपावर तापलेल्या बॅगेत हवा फुगते, प्लास्टिक मऊ पडतं, झाकण सैल होतं.

खोबरेल तेलाची गंमत वेगळी आहे. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. हिवाळ्यात आपल्याकडे बाटली आडवी ठेवली तरी थेंब पडत नाही, म्हणून झाकण पक्कं आहे असं वाटतं. उन्हाळ्यातल्या मक्केत तेच तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि आट्यांमधून झिरपतं.

उपाय साधे आहेत

एक, आधी परीक्षा घ्या. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी रिकाम्या बाटलीत पाणी भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर ती बाटली घरीच राहू द्या.

दोन, लहान आणि मऊ बाटली घ्या. पाऊण भरा, मग बाजू हलक्या दाबून हवा बाहेर काढा आणि दाबलेलीच असताना झाकण लावा. आत हवा कमी, म्हणजे बाहेर ढकलणारा जोरही कमी.

तीन, झाकण काढून बाटलीच्या तोंडावर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि त्यावरून झाकण फिरवा. दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडाही चालतो. दट्ट्याची म्हणजे पंपाची बाटली शक्यतो नकोच. टिचकीने उघडणाऱ्या झाकणावर चिकटपट्टी लावा.

चार, प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत आणि त्या सगळ्या मिळून एका जाड पिशवीत. ही पिशवी बॅगेत उभी ठेवा, एहराम आणि औषधांपासून लांब. तंबूतही ती उशाला नको, पायथ्याला सावलीत ठेवा.

पाच, आणि सगळ्यात चांगला उपाय : लिक्विड नेऊच नका. बिनवासाच्या साबणाची वडी, कपडे धुण्याची बिनवासाची पावडर, मिस्वाक, यातलं काहीच सांडत नाही. साबण मात्र वाळवूनच डबीत ठेवा.

विमानाचा नियमही लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत एका बाटलीत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त लिक्विड चालत नाही. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची बाटलीसुद्धा काढून घेतात, कारण तिथे बाटलीचं माप बघतात.

कपडे धुता येतात, जीव नाही

आता महत्त्वाची गोष्ट. ही फक्त हजपुरती नाही. इज्तेमा असो, उर्स असो की जमातीचा मुक्काम, जिथे तंबू आणि तात्पुरती स्वच्छतागृहं येतात तिथे फिनाईल, ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिडही येतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिंबे जळगावच्या इज्तेमाला आपल्या भागातून किती लोक गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. अशा ठिकाणी खिदमत करणाऱ्या तरुणांनी तीन गोष्टी पाळायलाच हव्यात.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल-ॲसिड कधीही भरू नका. पाण्यात मिसळलेलं पांढरं फिनाईल दुधासारखं दिसतं. रात्री अंधारात तहानलेला म्हातारा माणूस किंवा लहान मूल तीच बाटली तोंडाला लावू शकतं. मूळ डबा, मूळ लेबल, आणि जागा खाण्यापिण्यापासून लांब. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका. डबा सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठा.

ब्लीच आणि ॲसिड शेजारी ठेवू नका. दोन्ही गळून एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, आणि बंद तंबूत तो श्वास कोंडतो. डोळ्यात थेंब उडाला तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा.

सॅनिटायझर पेट घेतं, हेही विसरू नका. १९९७ मध्ये मीनाच्या तंबूंना लागलेल्या आगीत तीनशेहून अधिक हाजींचा जीव गेला. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू उभारले गेले. आपल्याकडचे मंडपाचे कापड मात्र आजही पेटतं. म्हणून सॅनिटायझरचा कॅन स्वयंपाकाच्या भट्टीजवळ नकोच.

एवढं करूनही एहरामवर खुशबूचं काही सांडलंच, तर घाबरू नका. लगेच धुवा, आणि पुढचा मसअला सोबतच्या आलिमांना विचारा. पण त्याआधी, घर सोडण्याच्या दोन रात्री अगोदर, ती बाटली एकदा उलटी करून बघाच.