प्रकल्प मुलाचा की दुकानाचा?

"आई, उद्या प्रकल्प द्यायचा आहे, पन्नास रुपये दे!" बुलढाणा जिल्ह्यातील किती घरांत संध्याकाळी ही हाक ऐकू येते! सोयाबीनची सोंगणी करून थकून आलेली आई पदराची गाठ सोडते. दुकानातून रंगीत कार्डशीट आणि छापील चित्रे येतात, बाप रात्री बसून ती चिकटवून देतो.

आमच्या घरीही हेच व्हायचे. एकदा मात्र आमच्या मुलीने वहीच्या कागदांवर स्वतःच प्रकल्प केला. वर्गाच्या भिंतीवर लागला तो दुसऱ्याचा विकतचा तक्ता! पोर रात्री जेवली नाही. प्रकल्पात नेमके तपासायचे काय, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार राज्य शासनाने 20 ऑगस्ट 2010 रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, चाचणी यांच्या जोडीला प्रकल्प आला. त्या निर्णयात आकारिकला पहिली-दुसरीसाठी शंभरपैकी 70 आणि सातवी-आठवीसाठी 40 गुण ठेवले होते. पाठांतरात मागे पडणाऱ्या, पण पाहणाऱ्या आणि विचार करणाऱ्या मुलालाही न्याय मिळावा, हा त्यामागचा हेतू. गुण सजावटीला दिले, तर हा न्याय पैशाकडे झुकतो!

आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण घेऊ. एका मुलाने सरोवराचे सुंदर छापील चित्र आणले. दुसरीने घरच्या हळदीत कागद बुडवून वाळवला आणि त्यावर लिंबाचा रस, साबणाचे पाणी, खाण्याचा सोडा यांचे थेंब टाकले. लिंबाने कागद पिवळाच राहिला, साबण व सोड्याने लालसर झाला. तिने लिहिले, "लोणारचे पाणी सोड्यासारखे अल्कधर्मी आहे." कागदावर डाग पडले असतील, अक्षर वाकडे असेल, पण प्रकल्प तिचाच खरा!

जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हा रंग खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. पाहणे, शंका घेणे, तपासणे ही शास्त्रज्ञांची रीत त्या मुलीच्या हळदीच्या कागदातही आहे.

म्हणून गुरुजनांना आमची विनंती आहे. कशाला किती गुण, हे प्रकल्प देतानाच फळ्यावर लिहा. गुण देण्यापूर्वी मुलाला जवळ बोलावून विचारा : हा विषय का घेतलास? काय पाहिलेस? कोणाला विचारलेस? काय चुकले? विकतच्या तक्त्याला ही उत्तरे देता येत नाहीत. गटाचा प्रकल्प असेल तर प्रत्येकाला वेगळे विचारा. नाही तर एक राबतो आणि पाच जण गुण घेतात.

पालक बंधू-भगिनींनो, मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका. त्याला विहिरीच्या पाण्याबद्दल आजीला विचारू द्या, बाजारात कापसाचा भाव लिहून घेऊ द्या. तुमची मजुरी, तुमचे शेत, तुमची चूल यांतही प्रकल्प आहे. शिकलेले नसलात तरी शाळेत जा आणि शिक्षकांना नम्रपणे विचारा, "आमच्या लेकराला कशाचे गुण दिले?" हे विचारणे आपला हक्क आहे. पोटाला चिमटा काढून आपण लेकरे शाळेत पाठवतो, ती प्रश्न विचारायला शिकावीत म्हणून!