कंपनी सेक्रेटरी नेमके काय करतो?

‘सेक्रेटरी’ म्हटले की साहेबांची पत्रे टाइप करणारा मदतनीस किंवा आपल्या मंडळाचे सचिव डोळ्यांसमोर येतात. कंपनी सेक्रेटरीचे पद वेगळे आहे. कंपनी कायदा २०१३, कलम २०३ नुसार तो व्यवस्थापकीय संचालकांच्या बरोबरीने कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्यांत मोडतो. प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला, तसेच १० कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपनीला (मग ती प्रायव्हेट लिमिटेड का असेना) पूर्णवेळ सेक्रेटरी नेमावा लागतो. जागा रिकामी झाली तर ती ६ महिन्यांत भरावी लागते.

कलम २०५ मध्ये त्याची कर्तव्ये दिली आहेत. कायद्याचे पालन होते की नाही, हे त्याने संचालक मंडळाला कळवायचे. सभांच्या नोटिसा काढणे, इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवणे, भागधारकांची नोंदवही राखणे, वार्षिक सभेनंतर हिशेब ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत कंपनी निबंधकांकडे दाखल करणे, ही कामेही त्याचीच. आपल्या मध्य प्रदेशचे निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला आहे. फॉर्म मात्र ऑनलाइनच भरले जातात.

बँकेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम म्हणजे बोजाची नोंद. कंपनीने मालमत्ता तारण ठेवली की ३० दिवसांत ती नोंद व्हायला हवी. नोंदच नसेल आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तर लिक्विडेटर तो बोजा विचारात घेत नाही. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवल्याची नोंदही तितकीच गरजेची; नाहीतर पुढचे कर्ज अडते.

आता आपल्या घरांशी संबंधित मुद्दा. छोट्या कंपनीला सेक्रेटरी नेमण्याची सक्ती नाही, पण जबाबदारी सुटत नाही. ती संचालकांवर येते. ‘घरचीच कंपनी’ म्हणून पत्नीला किंवा वडिलांना संचालक केले जाते आणि ते दाखवाल तिथे सही करतात. वार्षिक फॉर्मला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. सलग ३ वर्षे हिशेब किंवा विवरण दाखल झाले नाही, तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो. अशा कुटुंबांनी प्रॅक्टिस करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीचा सल्ला घ्यावा. त्याची फी दंडापेक्षा स्वस्तच पडते.

वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनीही सीएबरोबर या अभ्यासक्रमाचा विचार करावा. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते. पुढे एक्झिक्युटिव्ह व प्रोफेशनल हे दोन टप्पे आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण असते.