चौदा आण्यांचा आंबा आणि मंगळवारचा सल्ला

हवामान बदल म्हटले की अनेकांना वितळणारे हिमनग आठवतात. गुहागर तालुक्यातल्या हेदवीत दशभुज गणेशाच्या दर्शनाला किंवा बामणघळीत उसळणारे पाणी पाहायला येणाऱ्या पर्यटकालाही हा बदल सहसा जाणवत नाही. इथल्या बागायतदाराला मात्र तो हापूसच्या मोहरात दिसतो.

हापूस मोहरण्यासाठी पाऊस वेळेवर थांबावा लागतो, जमीन सुकून झाडाला ताण बसावा लागतो आणि मग रात्रीची थंडी पडावी लागते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर मोहराऐवजी पालवी फुटते. मोहर आल्यावर ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की तुडतुडे, भुरी आणि करपा बळावतात. फळ धरल्यावर पुन्हा थंडी वाढली तर त्याच झाडाला नवा मोहर येतो, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची बारीक फळे गळतात. मार्चमध्ये पारा चढला तरी फळगळ आहेच.

त्यात वादळांची भर पडली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आले. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर, आंबा झाडावर असताना, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले.

हे सारे लोकांना शिकवायचे कोणी? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशांपासून पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण विषय सक्तीचा करण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि पुढे तो अभ्यासक्रमात आलाही. पण विषय परीक्षेपुरता राहिला तर गावाला त्याचा उपयोग काय? या प्रश्नाचे एक उत्तर दाभोळ खाडीपलीकडे दापोलीत आहे. तिथे १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे.

भारतीय हवामान विभागाच्या साहाय्याने विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीतून कृषी हवामान सल्ला देते. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि त्यानुसार बागेत काय करायचे, ते त्यात असते. पावसाची शक्यता असेल तर फवारणी पुढे ढकला, कारण औषध धुऊन गेले तर पैसा आणि मजुरी दोन्ही वाया जातात. पुनर्मोहर टाळायला २० लिटर पाण्यात १ ग्रॅम जिबरेलिक आम्ल फवारा. फळगळ कमी करायला बुंध्याभोवती आच्छादन करा आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्या.

हाच अभ्यासक्रम माणसांच्या रूपानेही गावात येतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत राहतात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखते. ते प्रात्यक्षिके दाखवतात आणि शेतकऱ्यांकडून शिकतातही. आंबा चौदा आणे तयार झाला की काढावा, ही कोकणातली जुनी भाषा विद्यापीठानेही आपल्या शिफारशीत ठेवली आहे. जास्त पक्व फळ उन्हात तापले की आतून साका होतो. म्हणून काढणी सकाळी दहापूर्वी किंवा दुपारी चारनंतर करावी, असे सांगितले जाते.

ही वेळ फळासाठी ठरवलेली आहे, पण ती झेला धरणाऱ्या माणसालाही वाचवते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणूनच मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांची अट असताना किनारपट्टीवर ३७ अंशांची अट आहे. तिथे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर काम थांबवून सावलीत जावे, अंग ओले करून वारा घ्यावा, शुद्ध असेल तर पाणी प्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपली तर रुग्णाला थंड करत लगेच दवाखान्यात न्यावे.

उणीव इथेच आहे. सल्ला बागेच्या मालकाच्या मोबाइलवर येतो. बागेत दिवसभर राबणारे अनेक राखणदार आणि मजूर नेपाळमधून आलेले असतात. झाडाला किती पाणी द्यायचे हे पत्रक सांगते. मजुराने किती प्यावे, हे त्याला समजेल अशा भाषेत कोण सांगणार? त्यातच कृषी विज्ञान केंद्रांतले जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये देशभर बंद करण्यात आले. अंदाज आणि गाव यांच्यामधला एक दुवा त्यामुळे कमी झाला.

शिवाय पाच दिवसांचा अंदाज म्हणजे हवामान बदलाचे शिक्षण नव्हे. हेदवीच्या कातळावर आज लावलेले कलम २०६० मध्येही उभे असेल. तेव्हा रात्री किती थंड असतील, पाऊस कधी थांबेल, कोणती जात तग धरेल, हे प्रश्न कलम लावण्याआधीचे आहेत. पुढच्या हंगामात गावात येणाऱ्या कृषिदूतांसमोर बागायतदारांनी ते जरूर मांडावेत. सोबत आपल्या बागेत मोहर कधी आला, पहिला आंबा कधी उतरला, याच्या जुन्या नोंदीही ठेवाव्यात. विद्यापीठाला त्या नोंदी दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.