फलाटावरचा कॅप्टन अर्जुन

मंडळी, रोबो म्हटलं की आपल्याला परदेशातला एखादा विमानतळ आठवतो. पण जून २०२० मध्ये आपल्या पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलानं एक रोबो आणला होता. नाव ‘कॅप्टन अर्जुन’. करोनाचे दिवस. गाडीत चढणाऱ्यांचा ताप तो लांबूनच मोजायचा, सॅनिटायझर आणि मास्क द्यायचा, सूचना बोलून सांगायचा. जवानाला प्रत्येक प्रवाशाजवळ जावं लागू नये, हा हेतू. याबद्दल आमची तक्रार नाही. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलानं वापरलेला रोबोही याच जातीचा. माणसाच्या जिवावरचा धोका यंत्रानं घ्यायचा.

पण अर्जुनाकडे दुसरंही काम होतं. त्याला कॅमेरे होते, सायरन होता, आणि संशयास्पद हालचाल टिपणं हेही त्याच्याकडे सोपवलेलं होतं. इथं आपण जरा थांबू या. ताप हा आकडा आहे. चुकला तर दुसऱ्या थर्मामीटरनं तपासता येतो. ‘संशयास्पद’ कशानं मोजायचं? समजा, जऊळक्याहून कामासाठी निघालेला माणूस रात्री पुण्यात उतरला. सकाळपर्यंत जायला जागा नाही, म्हणून गाठोडं उशाशी घेऊन फलाटावरच पडला. मध्येच उठून दोनदा पाणी शोधून आला. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही. यंत्राला काय दिसेल, ते त्याला कुठल्या नमुन्यांवर शिकवलंय त्यावर ठरतं. जवानानं हटकलं तर निदान सांगता तरी येतं, ‘साहेब, सकाळ झाली की जातो.’ रोबोला काय सांगणार?

बरं, ‘माझं चित्रण नको’ म्हणायचीही सोय नाही. गाडी पकडायची तर समोरून जावंच लागतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, पण सरकार आपल्या काही यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे जिथं गरज जास्त, नेमकी तिथंच पळवाट.

आम्हाला विचाराल तर अशा प्रत्येक यंत्रावर पाटी हवी. चित्रण किती दिवस राहणार, कोण बघणार, चूक झाली तर कोणाला गाठायचं, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही, त्याला रोबोनंच बोलून सांगावं. बोलता तर त्याला येतच होतं.