लेसर शस्त्रक्रियेतील औषधे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निकटदृष्टिता, म्हणजे जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, घालवण्यासाठी जी लेसर शस्त्रक्रिया केली जाते तिच्यात किरणांपासून काय अपाय होईल याची चौकशी जवळजवळ प्रत्येक रुग्ण करतो; डोळ्यात पडणाऱ्या औषधांविषयी मात्र फारसे विचारले जात नाही, आणि विचारलेच तर धसका नेमका चुकीच्या औषधाचा घेतलेला आढळतो.

पहिला गैरसमज भुलेचा आहे. या शस्त्रक्रियेसाठी डोळ्यात सुई टोचली जाते किंवा रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करतात, ही समजूत निराधार आहे, कारण लेसर चालू असताना रुग्णाने समोरच्या दिव्याकडे टक लावून पाहणे आवश्यक असते आणि ते शुद्धीतल्या माणसालाच शक्य असते. प्रोपॅराकेनसारख्या औषधाचा ०.५ टक्के तीव्रतेचा थेंब सुमारे अर्ध्या मिनिटात पारपटल (बुबुळापुढील पारदर्शक पडदा) बधिर करतो आणि त्याचा परिणाम साधारण पाव तास टिकतो. व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. आजची औषधे त्याहून पुष्कळ सौम्य आहेत.

परंतु हाच निर्धोक थेंब घरी नेला तर घातक ठरतो. पीआरके या प्रकारात पारपटलावरील पेशींचा पातळ थर काढून मग लेसर वापरतात, त्यामुळे तो थर पुन्हा भरून येईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, डोळा चांगलाच दुखतो, आणि शस्त्रक्रियागृहात ज्याने वेदना थांबली तोच थेंब घरीही का देऊ नये, असा प्रश्न रुग्णाला स्वाभाविकपणे पडतो. वारंवार टाकल्यास हे औषध नव्या पेशींची वाढ आणि सरकणे रोखते, जखम उघडी राहते आणि बधिर डोळ्याला इजा झाल्याचे कळतही नाही. यातून पारपटलावर व्रण होऊन दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून ती बाटली रुग्णाच्या हाती देत नाहीत. वेदनेसाठी गोळ्या, डोळ्यावर बसवलेली संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स आणि मोजके दिवस वेदनाशामक थेंब एवढ्यावर भागवले जाते.

मायटोमायसिनची भीती याच्या अगदी उलट जातीची आहे. हे कर्करोगावरील औषध असल्याचे वाचून अनेकजण दचकतात, आणि ते तसे आहे हे खरेच. पण रक्तवाहिनीतून मिलिग्रॅममध्ये देण्याची मात्रा वेगळी आणि पीआरकेनंतर पारपटलावर धूसर डाग पडू नये म्हणून वापरायची मात्रा वेगळी. येथे ०.०२ टक्के द्रावणात भिजवलेला छोटा स्पंज काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटांपर्यंत ठेवतात आणि नंतर भरपूर द्रवाने डोळा धुतात. अशा द्रावणाच्या एक दशांश मिलिलिटरमध्ये औषध भरते ते अवघे ०.०२ मिलिग्रॅम. खरा धोका द्रावण तयार करताना तीव्रता चुकण्यात किंवा वेळेचे भान न राहण्यात आहे, आणि गरोदरपणात ते टाळलेच जाते. मासळीची ॲलर्जी असणाऱ्यास पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक चालत नाही, हाही असाच एक समज. मासळीची ॲलर्जी तिच्यातील प्रथिनांमुळे होते, आयोडिनमुळे नव्हे.

सर्वाधिक गोंधळ स्टेरॉइडविषयी आहे. एक वर्ग नाव ऐकताच थेंब टाकणे बंद करतो, तर दुसरा, औषध केवळ डोळ्यापुरते आहे असे मानून, मुदत संपल्यावरही दुकानातून बाटली आणून ते चालूच ठेवतो. दोन्ही वागणी चुकीची असली तरी दुसरी अधिक धोक्याची म्हणावी लागेल. दाह आटोक्यात ठेवून पारपटल स्वच्छ भरून यावे यासाठी स्टेरॉइड लागते. लॅसिकमध्ये, म्हणजे पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखाली लेसर वापरण्याच्या प्रकारात, ते थोडे दिवस पुरते, पीआरकेमध्ये ते हळूहळू कमी करत कित्येक आठवडे द्यावे लागते. मात्र काही आठवडे थेंब चालू राहिल्यास सुमारे एक तृतीयांश लोकांत डोळ्यातील दाब कमी-अधिक वाढतो आणि थोड्यांत तो बराच चढतो. तीव्र निकटदृष्टिता असणाऱ्यांत ही शक्यता अधिक असते, म्हणजे या शस्त्रक्रियेकडे जे वळतात त्यांच्यातच. दाब चढत असताना बहुधा दुखत नाही, लालीही येत नाही, आणि दृष्टितंतूला पोहोचलेली इजा भरून निघत नाही. भर म्हणजे लेसरने पारपटल पातळ झाल्यावर दाब मोजण्याचे उपकरण खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. लॅसिकच्या झडपेखाली पाणी साचले तर हा आकडा इतका फसवा होतो की दाब वाढलेला असूनही तो कमी असल्याचा भास होतो. त्या स्थितीतील धूसरपणा दाहामुळे आहे असे समजून स्टेरॉइड वाढवले, तर आजार बळावतो. थेंब चालू असताना ठरलेल्या दिवशी तपासणीला येण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

थेंब डोळ्यापुरतेच राहतात, हेही पूर्णतः खरे नाही. पापणीआड सुमारे ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीचा एक थेंब बहुधा त्याहून मोठा असतो. उरलेले औषध गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात मिसळते. त्यामुळे एका वेळी दोन थेंब टाकून लाभ नसतो, आणि थेंबानंतर डोळ्याचा नाकाकडील कोपरा मिनिटभर हलके दाबून धरल्यास शरीरात जाणारे औषध कमी होते.

शेवटी, रुग्ण स्वतः आधीपासून घेत असलेल्या औषधांचा विचार क्वचितच होतो. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या डोळ्यातील ओलावा कमी करतात आणि लेसरनंतर कोरडेपणा आधीच वाढलेला असतो. पण त्वचेच्या औषधाचा डोळ्याशी संबंध असेल असे विशीतल्या रुग्णाच्या मनात येत नाही, त्यामुळे पूर्वतपासणीत या गोळ्यांचे नाव घेऊन स्वतंत्रपणे विचारणेच इष्ट ठरते.